वीतभर साईडपट्टी

देखभाल लागत नाही असं सांगून जगात जे जे गळ्यात मारलं जातं, त्यात झाडांचा नंबर पहिला आणि नवऱ्यांचा दुसरा. मी दोन्ही अनुभवलेत, तेव्हा मला शिकवायला येऊ नका.

प्रकरण सुरू झालं आमच्या बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये. फाटकापासून जिन्यापर्यंत पेव्हर ब्लॉकची एक वाट आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं, इतकी ऐसपैस. तिच्या दोन्ही बाजूंना वीतभर रुंद मातीची पट्टी. बिल्डरनं नकाशात त्या मातीला ‘उद्यान’ म्हटलं होतं. ह्या उद्यानात आजवर सिगारेटची थोटकं, दुधाच्या रिकाम्या पिशव्या आणि मांजरांचा जो काही खाजगी कारभार असतो तो, एवढंच पीक आलं होतं. सेक्रेटरींनी ठराव मांडला की पार्किंगचं काँक्रीट करायला कंत्राटदार येणारच आहे, तर त्याच मालात ह्या पट्ट्याही बुजवून टाकू. वाट रुंद होईल, स्वच्छ होईल, कटकट मिटेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे माना ठरावासाठी डोलत नाहीत, चहा लवकर यावा म्हणून डोलतात.

मी उठले आणि म्हणाले, “बुजवायच्या नाहीत.”

का, असं सगळ्यांनी विचारलं. आणि खरं कारण सांगायची तर मला बंदी होती.

खरं कारण म्हणजे माझे सासरे. बाबांनी उभं आयुष्य बस चालवली, तीही घाटातली. निवृत्त झाले आणि त्यांचे डोळे गेले. एकदम गेले नाहीत, भाडेकरू एकेक सामान हलवतो तसे गेले. आता त्यांना उजेड आणि अंधार कळतो, बाकी सगळं धुकं. हे घरात तिघांना माहीत. बाहेर कुणाला सांगायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद. ज्याच्या भरवशावर बसभर माणसं घाटात झोपा काढत होती, त्याला दिसत नाही असं म्हणायचं कुणी? बिल्डिंगमध्ये त्यांची ख्याती ‘शिष्ट म्हातारा’ अशी. लोक मान हलवून नमस्कार करतात आणि बाबा सरळ पुढे निघून जातात. सेक्रेटरींनी तर वर्षानुवर्षं हा अपमान मनात जपून ठेवलाय.

रोज संध्याकाळी बाबा एकटे खाली उतरतात. जिन्यात कठडा असतो. वाटेवर आले की काठी डावीकडे. काठी ब्लॉकवर पडली की टक्, मातीत पडली की थप्प. टक् म्हणजे रस्ता, थप्प म्हणजे साईडपट्टी. साईडपट्टी डाव्या हाताला ठेवून फाटकापर्यंत जायचं, तिथं वळायचं, आणि पलीकडची साईडपट्टी पुन्हा डाव्या हाताला ठेवून परत यायचं. उजव्या बाजूनं हा माणूस जन्मात चालला नाही, आणि ह्या वयात वाहतुकीचा नियम मोडायची त्यांची इच्छा नाही. मी एकदा हात धरला तर म्हणाले, “सोड. बंद पडलेल्या बससारखं मला टोचन लावून ओढायची वेळ अजून आलेली नाही.”

माती बुजली की सगळंच टक्. मग रस्ता कुठं संपला आणि पार्किंगमधल्या स्कूटर कुठं सुरू झाल्या, हे काठीला कळणार नाही. नवऱ्यानं मला आधीच बजावलं होतं, काँक्रीट झालं की बाबांचं एकटं खाली जाणं बंद, मी ही जोखीम घेणार नाही. तो वाईट माणूस नाही, घाबरट आहे. पण बाबांचं खाली जाणं बंद म्हणजे बाबाच बंद, एवढं मला कळत होतं.

तेव्हा मीटिंगमध्ये मी जे तोंडाला आलं ते बोलले. म्हणाले, तिथं झाडं लावणार आहे.

सेक्रेटरींनी विचारलं, त्यांची देखभाल कोण करणार? माळी परवडणार नाही.

“देखभाल लागत नाही अशी लावीन.”

सेक्रेटरी हसले. मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसते, त्यामुळे ते हसू मी ओळखलं. समोरचा माणूस घरी रिकाम्या हातानं जाणार हे पक्कं ठाऊक असतं, तेव्हा मीच तसं हसते. शेवटी ठरलं की कंत्राटदार येईल त्या दिवशी पट्ट्या हिरव्या दिसल्या तर ठेवायच्या, नाही तर बुजवायच्या. शिवाय मुळांनी पाईप फोडल्यास जबाबदारी माझी, असं माझ्याकडून लेखी घेतलं. मुळांच्या वर्तणुकीची हमी देणारी ह्या शहरातली मी पहिली बाई असेन. माझ्या नवऱ्याच्या वर्तणुकीची हमी त्याच्या आईनंसुद्धा दिली नव्हती.

मग सल्ले सुरू झाले. आपल्या माणसांना उसने पैसे मागा, तोंड फिरवतील. सल्ला मागू नका, तरी धावत येतील. दुसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब म्हणाले, काटेरी निवडुंग लावा, चोरही येणार नाहीत. शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या, निवडुंग नको, माझ्याकडची पोरं पडतील, पुदिना लावा, चटणी तरी होईल. वकीलसाहेब म्हणाले, पुदिना म्हणजे घरात घेतलेला पाहुणा, दिली ओसरी की पाय पसरणार. त्यावरून दोघांचं जिन्यात वाजलं आणि त्या भांडणात पुदिना आणि निवडुंग सोडून एकमेकांच्या गळक्या बाथरूमपर्यंत सगळे विषय निघाले. मी मधल्या पायरीवर भाजीची पिशवी घेऊन उभी. नवऱ्याचा सल्ला होता, प्लास्टिकची लाव.

नर्सरीवाला तर देवानं घडवलेला विक्रेता. कुठल्याही रोपावर बोट ठेवलं की म्हणायचा, “मरत नाही.” कोरफड? मरत नाही. सदाफुली? मरत नाही. स्नेक प्लांट? अहो, मारायला गेलात तरी मरत नाही. त्याच्या मागेच मेलेल्या रोपांचा ढीग पडला होता. मी तिकडं बोट दाखवलं तर शांतपणे म्हणाला, त्यांची निगा राखली गेली नाही. मी कोरफड, सदाफुली, स्नेक प्लांट आणि ऑफिस टाइम घेतली. ह्या शेवटच्या रोपाची फुलं सकाळी ऑफिसच्या वेळेला उघडतात म्हणून हे नाव. आमच्या ऑफिसात ह्या वेळेला फक्त खिडक्या उघडतात, माणसं नाही, त्यामुळे मला त्याच्याबद्दल आधीपासून आदर. निघताना नर्सरीवाल्यानं पानफुटीच्या काही काड्या फुकट दिल्या. जाडसर, करवतीच्या कडांची पानं, दिसायला अगदी सामान्य. फुकटची म्हणून मी त्या मातीत कुठं जागा उरली तिथं खोचल्या, घरात नकोशा पाहुण्याला दाराजवळ बसवतात तशा.

मी लावत होते तेव्हा बाबा येऊन उभे राहिले. मातीचा वास घेत म्हणाले, “साईडपट्टीचं काम काढलंस होय? खालचा भराव बघ आधी. भराव कच्चा असला की साईडपट्टी दगा देते.” भराव कच्चा नव्हता, पक्का होता. वीतभर खणलं की विटांचे तुकडे आणि सिमेंटची ढेकळं लागत होती. बिल्डरनं आपलं उद्यान राडारोड्यावर पसरलं होतं. पाणी खाली जायला वाट नाही. मी म्हटलं, हरकत काय, ह्यांना पाणी लागतच नाही.

पहिले काही दिवस मी खरंच भारावून गेले. सकाळी डबा घेऊन खाली उतरावं तर ऑफिस टाइमची फुलं हजर. लाल, पिवळी, गुलाबी, एकही रजेवर नाही. सिमेंटच्या ढेकळात पाय रोवून एवढंसं रोप असा रंग आणतं कुठून? मी वाटेवर उभी राहून बघत बसायचे आणि खिडकीवर उशिरा पोचायचे. फूल वेळेवर आलं म्हणून मला उशीर झाला, असं साहेबांना सांगितलंही. त्यांनी लेट मार्क मारला.

मग झाडं मरायला लागली. ऑफिस टाइम कायमची रजेवर गेली. सदाफुली पिवळी पडली. कोरफड आतून कुजली, हात लावला की पान लिबलिबत खाली बसायचं. स्नेक प्लांट, मारायला गेलात तरी न मरणारा, न मारता मेला. मला काही उमगेना. मी तर कुणाला थेंब दिला नव्हता.

एके दिवशी सर्दीमुळे घरी होते. खिडकीशी बसले आणि जे पाहिलं ते मरेपर्यंत विसरणार नाही. आधी शिकवणीवाल्या बाई आल्या. इकडंतिकडं बघितलं आणि पदराआडून तांब्या काढून पट्टीवर रिता केला. त्या गेल्या आणि वकीलसाहेब आले, हाफ पँटीत, बाटली घेऊन. मग भांडी विसळलेलं पाणी आलं. गाळलेल्या चहाचा चोथा आला. स्कूटर धुवायच्या निमित्तानं आमचे हे आले आणि पाईपचं तोंड हळूच पट्टीकडे वळवलं. सगळ्यात शेवटी, चोरासारखे, हातात बादली घेऊन, स्वतः सेक्रेटरी.

सर्दी विसरून मी धावत खाली गेले. बादली त्यांच्या हातातच होती.

“तुम्हाला तर ह्या पट्ट्या बुजवायच्या होत्या ना?” मी विचारलं.

सेक्रेटरी ओशाळले, पण बादली खाली ठेवली नाही. म्हणाले, “ठराव वेगळा, झाड वेगळं. डोळ्यांदेखत वाळताना कसं बघायचं? तुम्ही तर पाणीच घालत नाही. दुसरं कुणी घालेल असं ह्या बिल्डिंगमध्ये वाटत नाही मला.”

प्रत्येकाला हेच वाटत होतं. आपल्याशिवाय ह्या बिल्डिंगमध्ये माणुसकी कुणालाच नाही, ह्या एका ठाम विश्वासावर सगळे गुपचूप पाणी घालत होते, आणि ह्या गोतावळ्याच्या मायेत माझी कोरफड बुडून मरत होती. मी आधी थक्क झाले. माणसं वाईटपणा दिवसाढवळ्या करतात आणि चांगुलपणा असा तोंड लपवून, हे मला माहीत नव्हतं. थक्क होणं संपलं तेव्हा मी चिडले, आणि चिडले की माझ्या जिभेला हाड राहत नाही. तिथंच उभी राहून वरच्या सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की तुमच्या दयेनं माझी झाडं मारली, दया उतू जात असेल तर आपापल्या घरात सांडा. दुसऱ्या दिवशी पाटी लावली: पाणी घालू नये. घातल्यास अपमान केला जाईल.

शब्द थोडा जास्त झाला हे मान्य. पण खोटा नव्हता.

बिल्डिंगनं माझ्यावर बहिष्कार टाकला. जिन्यात भेटले की लोक भिंतीवरचे मीटर वाचायला लागायचे. शिकवणीवाल्या बाईंनी पोरांना ‘उपकाराची फेड अपकाराने’ ह्या विषयावर निबंध लिहायला दिला आणि दार उघडं ठेवून मोठ्यानं वाचून घेतला. पट्ट्यांकडं कुणी ढुंकून बघेना. मी मेलेली झाडं उपटली तेव्हा मातीत उरल्या फक्त त्या फुकटच्या पानफुटीच्या काड्या. नकोशा पाहुण्यांनी जेवणही मागितलं नव्हतं आणि घरही सोडलं नव्हतं. उलट पाणी बंद झाल्यावर त्यांना तरारून नवी पानं आली. म्हटलं, चला, एवढी तरी वाढतील.

तर रोज त्यांची पानं तुटायला लागली. खुडलेली नव्हेत, मोडलेली. मला खात्री होती की हे काम सेक्रेटरींचंच. कंत्राटदार आज येतो उद्या येतो करत होता, आणि तो येईपर्यंत पट्टी उघडीबोडकी दिसावी म्हणून हा माणूस पानं मोडतोय. माणसाबद्दल वाईट विचार करायला लागलं की पुरावे कसे ओळीनं चालत येतात. एका संध्याकाळी ऑफिसातून येऊन मी वर गेलेच नाही. स्कूटरच्या मागे दबा धरून बसले. ह्या वयात, पर्स मांडीवर घेऊन.

टक्. टक्. थप्प.

बाबा खाली आले होते. टक्, थप्प, आणि मग एक नवाच आवाज आला, कच्. काठी पानफुटीवर बसली आणि एक जाड पान मोडून पडलं. काठीच्या टोकाचं रबर कधीचंच झिजून गेलंय, आत नुसती टोकदार लाकडी काडी उरलीये. ते पान त्या टोकाला अडकलं, काठीबरोबर पुढं गेलं आणि पुढच्या थप्पला मातीत पडलं. बाबा जरा थांबले. कच् आवाज ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की जणू घाटात समोरच्या गाडीनं दिवे मंद करून आपल्याला वाट दिली आहे. मग पुढं निघाले.

मी स्कूटरमागे तशीच बसून राहिले. ओरडायचं कुणावर? पानं मोडू नका म्हणायचं, तर आधी म्हणावं लागणार की तुम्हाला ती दिसत नाहीत.

जेवताना मी आडून विचारलं, “बाबा, वाट कशी आहे हल्ली?”

“आता झकास झाली,” ते म्हणाले. “पूर्वी साईडपट्टी कळायची ती चाक उतरायची वेळ आल्यावर. आता झुडपं आधीच सांगतात. रस्त्याकडेच्या झाडांना पांढरा पट्टा मारतात ना, रात्री वळण कळावं म्हणून? तसं. चांगलं काम केलंस तू.”

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी वाढायला उठले. पाठ फिरवली की चेहरा कुणाला दिसत नाही, एवढी सोय स्वयंपाकघरात असते.

त्यानंतर मी पट्टीकडं बघणंच सोडलं. दगडासारखी मान ताठ ठेवून जायचे आणि यायचे. बिल्डिंगला वाटलं, बाईचा ताठा. खरं म्हणजे माझी बघायची हिंमत नव्हती. रोज पानं मोडणार, काड्या उघड्या पडणार, कंत्राटदार येणार, आणि ज्या झाडांनी बाबांची वाट राखायची ती बाबांच्याच काठीनं संपलेली असणार. सांगायचं कुणाला? तक्रारींच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईची तक्रार घेणारी खिडकी अजून कुणी बांधलेली नाही.

कंत्राटदारांना मी जन्मभर शिव्या दिल्या आहेत. पण एक गोष्ट कबूल करते: हा माणूस सांगितलेल्या वेळेला आला असता तर पुढचं काही घडलं नसतं. आम्ही त्याला पार विसरायच्या बेतात होतो तेव्हा तो आला. आणि आला तोही सकाळ सांगून संध्याकाळी, मिक्सर आणि घमेली घेऊन. सेक्रेटरी खाली उतरले. वकीलसाहेब, शिकवणीवाल्या बाई, सगळे उतरले. माझी हार बघायला माझा नवरासुद्धा उतरला. मी फाटकाशी उभी, तोंड रस्त्याकडं.

कंत्राटदार टेप घेऊन पट्टीशी उकिडवा बसला आणि म्हणाला, “बाई, हे सगळं उपटायचं का?”

हे सगळं? मी वळले.

फाटकापासून जिन्यापर्यंत, वाटेच्या दोन्ही बाजूंना, पानफुटीची पिल्लं. रांगेत. एका पावलाच्या अंतरावर एक गुच्छ, पुढच्या पावलावर पुढचा, कुणी दोरी लावून आखावं तसे. मी गुडघ्यावर बसले. प्रत्येक गुच्छाच्या खाली एक मोडकं पान मातीत रुतलेलं होतं. पान सुरकुतलेलं, कागदासारखं झालेलं, आणि त्याच्या कडेच्या प्रत्येक खाचेतून एकेक रोप उठलेलं. टाचणीच्या डोक्याएवढ्या पानांची जोडी, खाली दोऱ्यासारखी पांढरी मुळं, आणि ती मुळं विटांच्या तुकड्यांत घुसलेली. पान मेलं नव्हतं. मोडून पडल्यावर ते कामाला लागलं होतं. आपल्या अंगातलं होतं नव्हतं ते सगळं खाचाखाचांतून वाटून देऊन मग वाळलं होतं. ना पाणी, ना खत, ना कुणाची नजर. मी आयुष्यात मोठाल्या इमारती पाहिल्यात, धरणाची भिंत पाहिली आहे. तोंडाचा आ झाला तो त्या वाळक्या पानापुढं.

“हे लावलं कुणी?” सेक्रेटरींनी विचारलं. आवाजातून ठराव गेला होता. “इतकं सरळ?”

कुणालाच माहीत नव्हतं. मला कळत होतं, पण मी बोलणार नव्हते. बोलायची वेळही आली नाही.

टक्. टक्. थप्प.

बाबा जिन्यातून वाटेवर आले होते. वाटेवर, पट्टीच्या कडेलाच, कंत्राटदाराचं घमेलं पडलेलं. बाबा सरळ त्याच्यावर येत होते. नवरा पुढं व्हायच्या आत सेक्रेटरी वाकले आणि घमेलं आवाज न करता उचलून बाजूला केलं. मग माझ्याकडं बघितलं. मी नजर खाली घातली. जे समजायचं ते त्यांना समजलं. इतक्या वर्षांचा अपमान त्यांच्या चेहऱ्यावरून उतरताना मी पाहिला.

थप्प. कच्. एक पान मोडलं, काठीच्या टोकाला लागून पुढं गेलं आणि पुढच्या थप्पला मातीत रुतलं. अख्ख्या बिल्डिंगनं पाहिलं. शिकवणीवाल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. वकीलसाहेबांसारखा माणूस, ज्याला कुठल्याही गोष्टीवर हरकत असते, भिंतीला चिकटून उभा राहिला.

सेक्रेटरींनी अंग चोरून वाट दिली, आणि पहिल्यांदाच मान न हलवता तोंडानं म्हणाले, “नमस्कार.”

“नमस्कार,” बाबा लगेच म्हणाले. “सेक्रेटरी ना? बरेच दिवसांनी आवाज ऐकला. एवढी गर्दी कसली?”

कंत्राटदार म्हणाला, काँक्रीट टाकायचंय.

“टाका की,” बाबा म्हणाले. “साईडपट्टी तेवढी सोडा. साईडपट्टी नसलेला रस्ता म्हणजे उतारावर ब्रेक नसलेली गाडी. मी चालवलीत दोन्ही, सांगतो.”

सेक्रेटरी कंत्राटदाराकडं वळले. “ऐकलंत ना? पार्किंगपुरतं टाका. साईडपट्टी सोडून.”

बाबा फाटकापर्यंत गेले, वळले, पलीकडची पट्टी डाव्या हाताला घेतली आणि परत आले. जिन्याशी पोचल्यावर काहीतरी आठवल्यासारखे थांबले आणि अंदाजानं सगळ्यांच्या दिशेनं तोंड करून म्हणाले, “सूनबाईनं हौसेनं लावलीत झाडं. ती बिचारी दिवसभर ऑफिसात. तुम्ही कुणी पाणीबिणी घालता की नाही?”

“नाही,” अख्खी बिल्डिंग एका आवाजात म्हणाली.

चहा न घेता मंजूर झालेला आमच्या बिल्डिंगचा तो पहिला ठराव.